अण्णांची बंदूक बिदरला जाईपर्यंत

घरातली बंदूक मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करायची असेल, तर अर्जाच्या आधी एक काम करा. बंदुकीवरचा नंबर, परवान्याच्या पुस्तकातला नंबर आणि ऑनलाइन नोंदीतला नंबर, तिन्ही शेजारी ठेवून एकेक आकडा वाचा. आमच्या ऑनलाइन नोंदीत सातचा एक झाला होता. त्या एका आकड्यापायी 2024 ची लोकसभा गेली, विधानसभाही गेली, आणि फाईल तिथंच.

बंदूक साधीच, बारा बोरची डबल बार, आजोबांकडून अण्णांकडे आलेली. अण्णांनी सत्तरी कधीच ओलांडली, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मला बंदुकीची हौस नाही. ताई बिदर जिल्ह्यात दिलेली, तिचं घर शेतातच, वस्तीपासून लांब, आणि दाजी कामानिमित्त सारखे बाहेर. तिनंच मागितली. आमचं गाव सीमेच्या अलीकडं, तिचं पलीकडं. 1956 पर्यंत दोन्ही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती, म्हणजे आजोबांना हा सगळा खटाटोप पडलाच नसता!

परवानाधारक वारल्यावरच बंदूक वारसाकडे जाते असं बरेच लोक धरून चालतात. तसं नाही. 2016 च्या शस्त्र नियमांतला 25 वा नियम बघा. परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली असतील किंवा त्यानं 25 वर्षं हत्यार बाळगलं असेल, तर तो हयात असतानाच वारसाला परवाना मागता येतो. हे आमच्या कलेक्टर ऑफिसातल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच भेटीत फाईल उलटीसुलटी करून आम्हाला सांगण्यात आलं, "मृत्यूचा दाखला लावलेला नाही." अण्णा शेजारच्या बाकावर बसलेले. ते म्हणाले, "साहेब, मयत मीच आहे, बोला." तरी त्या माणसानं नियमाची झेरॉक्स मागितली. ती मी दिली.

अर्ज मात्र घेणाऱ्यानं आपल्या राहत्या जिल्ह्यात करायचा, देणाऱ्याच्या नाही. ताईनं बिदरच्या डीसी ऑफिसला केला (तिकडं कलेक्टरला डीसी म्हणतात). अर्जाचा ए-1 नमुना, डॉक्टरचं प्रमाणपत्र, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, अण्णांचं संमतीपत्र आणि माझी हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. पोलीस चौकशी झाली, काम पुढं सरकलं. आता आमच्या जिल्ह्यातून फक्त ना-हरकत यायची होती.

आणि इथं नंबर अडला. ना-हरकत तयार करताना कारकुनानं अण्णांचा यूआयएन (ऑनलाइन नोंदीतला परवानाधारकाचा ओळख क्रमांक) टाकला. स्क्रीनवर बंदुकीचा जो नंबर आला तो पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. जुनी हस्तलिखित रजिस्टरं संगणकावर चढवली तेव्हा कुणीतरी सातच्या मधली आडवी रेघ बघितली नाही आणि एक टाईप केला. बंदूक तीच, माणूस तोच, पुस्तक तेच. पण कारकून म्हणाला, "नंबर जुळत नाही म्हणल्यावर ही बंदूक दुसरीच झाली की." म्हणजे अण्णांकडं परवान्यावरची बंदूक नाही, आणि जी आहे ती परवान्यावर नाही. हे तो शांतपणे सांगत होता आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण विनापरवाना हत्यार म्हणजे काय ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

दुरुस्ती करा म्हटलं तर ती आमच्या हातात नाही, ठाण्याचा अहवाल आणा. ठाण्यात गेलो तर तुमच्या कार्यालयाचं पत्र आणा. पत्र मागायला गेलो तर साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर आचारसंहिता. मग बंदूकच ठाण्यात जमा, आणि निकाल लागेपर्यंत शस्त्र परवान्याच्या कुठल्याच कागदाला हात लावायचा नाही असं उत्तर. टेबलावर माणूस बदलला. नव्या माणसानं फाईल पहिल्यापासून वाचायला घेतली आणि मृत्यूचा दाखला कुठंय म्हणून विचारलं. त्या दिवशी मी मोठ्यानं बोललो, ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. काम तसूभरही हललं नाही ते सोडा.

सुटलं ते अण्णांच्या सवयीमुळं. दर निवडणुकीला बंदूक जमा करताना ठाण्यातून पावती मिळते. बहुतेक लोक बंदूक परत आली की ती फेकतात. अण्णांनी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, एलआयसीच्या जुन्या पाकिटात सगळ्या ठेवलेल्या. एकेक उघडली. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, वेगवेगळ्या हवालदारांची अक्षरं, आणि प्रत्येकीवर सातच. ठाण्यातल्या माणसानं बंदूक हातात घेऊन, बघून लिहिलेला नंबर! मी त्या ओळीनं लावल्या, झेरॉक्स काढल्या, वर एक अर्ज लिहिला की आपल्याच पोलिसांनी इतकी वर्षं हीच बंदूक मोजून घेतली आणि मोजून परत दिली. मग ठाण्यानं पंचनामा केला. बंदुकीवरचा नंबर झिजून पुसट झाला होता, तर जमादारानं त्यावर खडू घासला, बोटानं पुसला, आणि खाचांत पांढरा सात उभा राहिला. आडव्या रेघेसकट. मोबाईलवर फोटो काढला, अहवाल गेला, नोंद दुरुस्त झाली.

आधी सांगायचं राहिलं. शस्त्र कायद्याच्या 5 व्या कलमाप्रमाणे स्वतःची बंदूक दुसऱ्याला देण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. हे पत्र अगदी सुरुवातीला देऊन टाका आणि पोच घ्या, म्हणजे ते दिवस बाकीच्या धावपळीतच निघून जातात. दुसरं, 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. घेणाऱ्याकडं आधीच दोन असतील तर हा सगळा व्याप करूच नका.

ना-हरकत हातात आली म्हणून बंदूक जीपमध्ये टाकून निघू नका. अण्णांचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता होता, बहुतेकांचा तसाच असतो. पुस्तकात क्षेत्र लिहिलेलं असतं, ते बघा. आम्ही वाहतुकीची परवानगी वेगळी काढली. दाजी म्हणत होते, अर्ध्या तासाचा रस्ता आहे, कोण बघतंय? ताईनंच त्यांना गप्प केलं. बंदूक खोळीत, रिकामी, आणि कागदांची फाईल माझ्या मांडीवर. नाक्यावर कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

याच कर्नाटकात कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यातून सूट आहे, 2029 पर्यंत. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

ताईच्या परवान्यावर नोंद झाली, अण्णांच्या पुस्तकातून बंदूक कमी झाली. काडतुसांचं आमच्या डोक्यातच नव्हतं. वाहतुकीच्या परवानगीत ती लिहिलेली नव्हती, म्हणून उरलेली ठाण्यात जमा केली आणि ताईनं तिकडच्या दुकानातून आपल्या परवान्यावर नवी घेतली.