तुम्ही विचारलंत म्हणून: हेरिटेज झोनमधल्या घराचा भाव पडतो का?

पणजीतल्या फोंतान्यास या जुन्या वस्तीत घर आहे म्हटलं की लोक विचारतातच, पाडता येत नाही, मजला चढवता येत नाही, मग भाव पडत असेल ना? पडतो, पण बिल्डर देतो तो. बिल्डरला घराशी देणंघेणं नसतं, तो एफएआर, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येतं ते मोजतो आणि किती फ्लॅट बसतील ते बघतो. आता आमचं घर चिंचोळं, दोन्हीकडून शेजाऱ्यांना चिकटलेलं, पाडलं तरी फार काही बसणार नाही, म्हणजे आमचं गेलं किती? ओल्ड गोव्यातल्या मावशीचं मात्र खरंच गेलं. तिचं बसकं घर आणि मागे मोठं भाट, म्हणजे बागायत, त्यात स्मारकांचा 1958 चा कायदा 2010 मध्ये कडक झाला, संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत नवीन बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घेऊन. दुरुस्तीलासुद्धा परवानगी. एवढी जमीन असून गिऱ्हाईक फिरकत नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांना राहायला घर हवं असतं नाहीतर गेस्टहाऊस काढायचं असतं, आणि ते हे नियम बघूनच येतात, कारण उद्या समोर सहा मजली बिल्डिंग उभी राहणार नाही याची खात्री असते. नियम एकट्या आमच्या घराला असते तर नुसतं नुकसान होतं, अख्ख्या वस्तीला आहेत म्हणून किंमत टिकलीय.

भाव पाडते ती दुरुस्ती. गेल्या मे महिन्यात कौलं उतरवली आणि सुताराने वाशाला बोट लावलं तर बोट आतच गेलं, वाळवीने सगळा भुसा करून ठेवलेला. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या करणारा माणूस तर अजून मिळालेला नाही. घेणारा हा सगळा खर्च किमतीतून कापतो. नियम घालणाऱ्या सरकारने यातला वाटा उचलायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि सह्या! आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड, मुलगा-मुलगी सगळ्यांना हिस्सा, विकायचं तर सगळ्यांची आणि त्यांच्या नवरा-बायकोचीही सही. एक काका लिस्बनला असला की व्यवहार सहीवरच अडतो, हेरिटेजपर्यंत गोष्ट जातच नाही.

आम्ही विकत नाही आहोत. वासे बदलून झाले, चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी नव्या वाशांना बांधली.