शांतिसेनेच्या निवडीत अडलेला एक कागद

संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस दलातून दक्षिण सुदानला जाण्यासाठी मी सोलापुरातून अर्ज केला. इंग्रजीची आणि गाडी चालवण्याची परीक्षा सुरळीत पार पडली. अडला तो चारित्र्याचा दाखला. ज्या कार्यालयातून माझा कसुरी अहवाल (सेवेतील शिक्षा व चौकशांची माहिती) पुढे जायचा होता, तेथे प्रथम मूळ सेवापुस्तक मागितले गेले; ते पोहोचल्यावर पूर्वीच्या घटकाच्या पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून संपूर्ण प्रस्ताव त्रुटी काढून परत आला; क्रमांक घालून पुन्हा पाठवला, तेव्हा संबंधित लिपिक रजेवर होते आणि त्यांचा कार्यभार कोणाकडेच नव्हता.

दाखला मागण्याला माझी मुळीच हरकत नाही. डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबात भडकलेल्या लढाईला डिंका विरुद्ध नुएर असे दोन जमातींतील संघर्षाचे वळण लागले आणि हजारो लोक जीव मुठीत धरून संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर शिरले. त्यांतील अनेकांवर गणवेशातल्या माणसांनीच हत्यार उगारले होते. अशांसमोर आणखी एक गणवेश उभा करायचा, तर तो घालणाऱ्याचा पूर्वेतिहास तपासलाच पाहिजे. म्हणूनच तो कागद टेबलावर पडून राहिल्याचा संताप अजून शमलेला नाही.

मुलाखतीत मला येथील शांतता समितीच्या बैठकांचा अनुभव उपयोगी पडला. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या वस्त्यांतील जाणत्यांना मिरवणुकीआधी समोरासमोर बसवणे हे काम तिकडेही तेच आहे, फक्त जखमा फार खोल आहेत. तिकडे गेल्यावर पाहिले, छावणीबाहेर सरपणाला जाणाऱ्या बायकांवर अत्याचार होत, म्हणून गस्त त्यांच्यासोबत जाई. मोळी बांधता बांधता एखादी जे सांगे, ते चौकशीच्या खोलीत कधीच बाहेर आले नसते. स्थानिक कायद्याने अटक करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. युरोपातील कोसोव्होत 1999 च्या युद्धानंतर तो संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांना होता, आणि तेथील नव्या पोलीस शाळेत सर्ब व अल्बेनियन उमेदवार एकत्र शिकले. गोळीबार सैन्य थांबवते, पण दोन्ही बाजूंचे लोक ज्याच्याकडे तक्रार घेऊन जातील असा पोलीस घडवायला वर्षे लागतात.

राहून गेले ते सांगते: डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाडीचा सराव आधीच करावा, सेवापुस्तकातील नोंदी अर्जापूर्वी पूर्ण करून घ्याव्यात आणि प्रत्येक पत्राची तारखेसह पोच घ्यावी. माझ्याकडे त्या पोचपावत्या होत्या, म्हणूनच वरिष्ठांनी विचारणा करताच प्रस्ताव त्याच दिवशी हलला.