बसून राहिलेल्या काकांचा डोळा

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात ज्यांचं लहानपण गेलं, असे काका-आजोबा बडोद्यातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अधूनमधून येतात. डोळ्यापेक्षा व्यायाम सुटण्याची धास्ती त्यांना जास्त. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डॉक्टरांच्या आधी गाठ माझ्याशी पडते आणि गाऱ्हाणीही मीच ऐकते. हे काका त्यातलेच. वय साठीच्या पुढे, मायनस सहाचा जुना चष्मा, पहाटे कमाटीबागेत फेऱ्या, घरी सूर्यनमस्कार आणि शेवटी शीर्षासन.

नवरात्रात ते पहिल्यांदा आले. उजव्या डोळ्यापुढे एक कडं तरंगत होतं आणि अंधारात कडेला उजेड चमकायचा. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, पडदा कडेपर्यंत तपासला. कुठे फाटलेला नव्हता. वयानुसार डोळ्यातली जेली पातळ होते आणि मागच्या पडद्यापासून सुटते. मायनस नंबरवाल्यांची जरा लवकरच. सुटताना ती पडद्याला ओढते, चमकतं ते त्यामुळे. चालणं चालू ठेवा. शीर्षासन, वजनं आणि धक्क्याचे व्यायाम तूर्त नकोत. महिनाभराने पुन्हा दाखवा. मधेच ठिपके वाढले, चमक वाढली किंवा एका बाजूने सावली आली तर त्याच दिवशी या. एवढं सगळं मी कागदावर लिहून दिलं.

घरी पोचेपर्यंत त्यातलं 'नको' तेवढं शिल्लक राहिलं. काकूंनी फेऱ्या बंद केल्या, वाकणं बंद, भाजीची पिशवीसुद्धा मुलाच्या हातात. शेजारच्या कुणाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची पथ्यंही त्यात मिसळली. हे सगळीकडे होतं. आपल्याकडे डोळ्याला काहीही झालं की पहिला नियम 'हलू नका'. काका दिवाळीआधी आले तेव्हा त्यांचं पोट सुटलं होतं आणि आवाज चिडका झाला होता.

"नवीन काही, काका?"

"काही नाही. खुर्चीतून हललोच नाही, तर होणार काय?" हनुवटी मशीनवर टेकवताना मात्र म्हणाले, "परवा पेपर वाचताना काळे ठिपके भुरभुरले होते. बसलेलोच होतो, म्हणून काही बोललो नाही."

मी त्यांना वर, खाली आणि मग सरळ बघायला सांगितलं. जेली हलली आणि स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या त्या मशीनच्या, उजेडाच्या पट्टीत भिंगामागे बारीक तपकिरी कण तरंगताना दिसले. आमच्या धंद्यात याला 'तंबाखूची धूळ' म्हणतात. पडद्याखालच्या थरातला हा रंग. तो पुढे जेलीत आला म्हणजे पडद्याला बहुधा कुठेतरी भोक पडलंय. मी नंबर तपासायचा तसाच ठेवला आणि सरळ डॉक्टरांकडे गेले.

भोक होतं. वरच्या बाजूला, कानशिलाकडे, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. पाणी अजून पडद्याखाली फारसं शिरलं नव्हतं. त्याच दुपारी लेझर झालं. डोळा थेंबांनी बधिर करून, खुर्चीत बसूनच, फाटलेल्या जागेभोवती ठिपक्यांच्या ओळी.

काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पण यांनी तर काहीच केलं नाही हो!" डॉक्टर म्हणाले, "जेली ओढते ती ओढतेच, बसलेल्या माणसाचीही. चाललात म्हणून फाटत नाही आणि बसलात म्हणून वाचत नाही. फरक पडतो तो किती लवकर आलात याने." लेझरची पकड घट्ट व्हायला दोन आठवडे लागतात, तोवर वजनं, धावणं आणि उड्या नकोत, मात्र सपाट रस्त्यावर चालायची त्यांनी दुसऱ्या दिवसापासूनच मुभा दिली. बाहुली मोठी होती म्हणून स्कूटर मुलाने नेली, हे दोघे रिक्षाने गेले.

पुढच्या तपासणीला लेझरचे डाग छान बसलेले दिसले. सूर्यनमस्कार सावकाश सुरू करा, असं सांगितल्यावर काका खुलले आणि लगेच शीर्षासनावर आले. डॉक्टरांनी मान हलवली. काकांच्या वडिलांना काचबिंदू होता, आणि डोक्यावर उभं राहिलं की डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो.

"मग भिंतीला टेकून?"

"काका, भिंतीला टेकलं तरी डोकं खालीच ना?"

काकू म्हणाल्या, "एवढी कमाटीबाग पडलीय, चाला की मुकाट्याने!"