कॅशवर सोडलेला माल

आमच्या मॅनेजमेंट ट्रेनी निवडीच्या गुणपत्रकात पाच रकाने आहेत. संवादकौशल्य, नेतृत्वगुण, विश्लेषण, व्यवसायाची समज आणि ‘कल्चर फिट’. प्रत्येकी २० गुण, कटऑफ ६०. गेल्या फेरीत जिला मी डोळे मिटून घेतलं असतं, तिला ५१ मिळाले. निकाल लागून बरेच दिवस झाले, नवीन बॅच दुकानांत रुजूही झाली. तरी ती मुलगी डोक्यातून जात नाही.

मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या आमच्या सुपरमार्केटांचं ऑपरेशन्स बघते. ट्रेनींचा कार्यक्रम वर्षभराचा. आधी दुकान, मग भिवंडीचं गोदाम, मग खरेदी विभाग, आणि शेवटी असिस्टंट स्टोअर मॅनेजर. बाहेरून ही ऑफिसची नोकरी वाटते. प्रत्यक्षात पहिले काही महिने सकाळी ट्रकमधून उतरणारा माल मोजून घ्यायचा, चलनाशी ताडून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचं, फुटकं-गळकं बाजूला काढायचं आणि रात्री कॅश जुळेपर्यंत घरी जायचं नाही. दिवसभर उभं राहायचं. ज्यांना हे झेपत नाही ते दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात राजीनामा देतात, म्हणजे नेमका जेव्हा प्रत्येक हात लागतो तेव्हा. चुकीचा माणूस मॅनेजर झाला तर दोन महिन्यांत चांगली मुलं सोडून जातात आणि दुकान सावरायला वर्ष लागतं. म्हणून या निवडीत मी जीव ओतते.

मुलाखती खारघरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होत्या. पॅनलवर मी, एचआरचे प्रमुख आणि खरेदी विभागातले एक ज्येष्ठ सहकारी. सकाळी ग्रुप डिस्कशन झालं, विषय दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप्स आणि दुकानांचं भवितव्य. तिथे काय बोललं जातं ते कुणीही सांगू शकेल. ती दोनदाच बोलली.

त्यानंतर स्टोअर वॉक. हा भाग माझ्या आग्रहामुळे आला. उमेदवारांना अर्धा तास फ्लोअरवर सोडायचं, कुणी काही सांगायचं नाही, वर येऊन त्यांनी काय पाहिलं ते बोलायचं. एचआरने मान्यता दिली, पण गुणपत्रकाला हात न लावता. वॉक फक्त ‘चर्चेसाठी’.

बहुतेक जण एकच सांगतात. मांडणी आकर्षक आहे, साइनेज सुधारायला वाव आहे, रांगा कमी करण्यासाठी सेल्फ चेकआउट आणावं. यात खोटं काही नसतं, पण हे दुकानात न जाताही सांगता येतं. ही मुलगी अर्ध्या तासातला निम्म्याहून जास्त वेळ कॅश काउंटरच्या मागे उभी होती. वर आल्यावर म्हणाली, “मॅडम, कॅशवर सोडलेला माल बघत होते.”

प्रत्येक काउंटरच्या मागे एक टोपली असते. गिऱ्हाईक ऐनवेळी जे नको म्हणतं ते त्यात पडतं आणि दिवसातून काही वेळा कुणीतरी ते परत जागेवर लावतं. बहुतेक मॅनेजर टोपलीकडे कटकट म्हणून बघतात. पण ती दुकानाची तब्येत सांगते. तरी टोपलीत आलं ते बरं. काही गिऱ्हाइकं दह्याचा डबा साबणाच्या शेल्फवर ठेवून निघून जातात. तो किती वेळ बाहेर होता कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून थेट डंपमध्ये, म्हणजे फेकायच्या मालात, जातो. चांगलं अन्न असं फेकायला लागतं तेव्हा मला अजूनही राग येतो.

तर तिने पाहिलं की एका टोपलीत कपडे धुण्याच्या लिक्विडचे दोन मोठे पाऊच आहेत, आणि शेजारच्या काउंटरच्या टोपलीत त्याचाच आणखी एक. तिचे शब्द जसेच्या तसे आठवतात: “एक असतं तर म्हटलं असतं, मन बदललं. तिघांचं मन एकाच वस्तूवरून कसं बदलेल?” ती शेल्फपाशी गेली. टॅग ३७५ रुपयांचा, कॅशवरही ३७५. मग तिने त्याच लिक्विडचा दुसरा ढीग शोधला. रांगेच्या टोकाला, ज्याला आम्ही एन्ड कॅप म्हणतो, तिथे तोच पाऊच रचलेला होता आणि टॅग होता २९९ चा. संपलेल्या ऑफरचा. तिने स्वतः त्याला हात लावला नाही. सेक्शनच्या मुलाला बोलावून दाखवला.

ऑफर बदलली की हेड ऑफिसची फाईल रात्री सिस्टीममध्ये चढते. कॅशवरचे दर आपोआप बदलतात, शेल्फवरचे कागदी टॅग बदलत नाहीत. सकाळच्या पाळीने बदललेल्या दरांची यादी काढायची, टॅग छापायचे, एकेका गोंडोलापाशी, म्हणजे शेल्फांच्या रॅकपाशी, जाऊन जुने उपसून नवे सरकवायचे, तेही शटर वर जायच्या आत. यादीत कधी साठ वस्तू असतात, कधी चारशे. त्यात दोन जण गैरहजर असले की काय होतं ते सकाळी साडेआठला दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि मूळ खोच अशी, की यादीत प्रत्येक वस्तूचा एकच पत्ता असतो, तिच्या नेहमीच्या शेल्फचा. एन्ड कॅपवर तीच वस्तू दुसऱ्यांदा मांडली आहे हे यादीला माहीतच नसतं. मुलं प्रामाणिकपणे यादी संपवतात आणि टोकाचा टॅग तसाच राहतो.

खरेदी विभागाच्या सहकाऱ्यांनी तिला विचारलं, यात नुकसान किती? आकडा सांगता येणार नाही, ती म्हणाली. पण ज्या तिघांनी पाऊच सोडला त्यांची तिला एवढी काळजी नव्हती. “ज्यांच्या लक्षात आलं नाही ते ३७५ देऊन गेले. ते घरी जाऊन बिल बघतील.”

किरकोळ विक्रीत इतकी वर्षं काढलेल्या माणसांकडूनही हे वाक्य मी क्वचित ऐकलं आहे. ‘एमआरपीच्या वर तर घेतलं नाही ना’ म्हणून आमच्याकडे अनेक जण हात झटकतात. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दुकानात लावलेल्या दरापेक्षा जास्त घेतलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीही तक्रार होऊ शकते. शिवाय कायद्याआधी विश्वास आहे. एकदा फसल्यासारखं वाटलं की माणूस भांडत नाही, तो यायचा बंद होतो.

पुढचा प्रश्न एचआर प्रमुख सगळ्यांनाच विचारतात: बिग बाजारचं काय झालं? उमेदवार तयारी करून येतात. बिग बाजार चालवणाऱ्या फ्युचर ग्रुपचा ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटींचा सौदा, अ‍ॅमेझॉनची सिंगापूरच्या लवादातली लढाई, एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षित कर्जदारांनी दिलेला नकार. एका मुलाने हे तारखांसकट सांगितलं आणि ते उत्तम होतं. ती म्हणाली, मला त्या सौद्याचं फारसं माहीत नाही, पण एक दुकान बंद पडताना मी जवळून बघितलंय. डोंबिवलीत ती औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची, समोर एक छोटं सुपरमार्केट होतं. आधी मोठ्या कंपन्यांचा माल यायचा थांबला, कारण डिस्ट्रिब्युटर उधारी देईनात. शेल्फ रिकामं दिसू नये म्हणून मालकाने एकाच मिठाच्या पुड्या हातभर पसरल्या. मग मागचा माल पुढे ओढून एकेरी ओळ लावली. “पुढून भरलेलं, मागे पोकळ. तेव्हाच कळलं की हे आता टिकत नाही.”

शेवटी ‘रिटेलच का?’ ती थोडी अडखळली. म्हणाली, “मला दुकानात उभं राहायला आवडतं. काय संपलं, काय पडून राहिलं, ते बघायला आवडतं.” एचआर प्रमुखांनी शेऱ्यात लिहिलं: महत्त्वाकांक्षा अस्पष्ट. माणूस सज्जन आहे, कुणाचा पगार एक दिवस उशिरा होऊ देत नाही. पण दुकानाचं रात्रीचं क्लोजिंग त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि ते अशा वेळी दिसतं.

संवादकौशल्यात ती पडली, कारण तिचं इंग्रजी अडखळतं. यावर मी पॅनलमध्ये भांडले. आमचा स्टोअर मॅनेजर दिवसभर कुणाशी बोलतो? टेम्पोवाल्याशी, माथाडींशी, हाऊसकीपिंगच्या बायकांशी, बिलावरून चिडलेल्या गिऱ्हाइकाशी. मराठीत आणि हिंदीत. इंग्रजी लागतं ते मेल आणि रिव्ह्यूपुरतं, आणि ते वर्षभरात येतं. टोपलीत बघायची नजर वर्षभरात येते असं मी पाहिलेलं नाही. उत्तर आलं की ट्रेनी उद्या रीजनल हेड होणार, त्या दृष्टीने बघा. माझे ७८ गुण, बाकी दोघांचे मिळून ७५. तिघांची सरासरी ५१.

त्याच संध्याकाळी मी दुकानाचा व्हॉइड रिपोर्ट काढला. कॅशवर स्कॅन झालेली वस्तू बिलातून काढायची तर सुपरवायझरचं कार्ड लागतं, तोपर्यंत रांग ताटकळते, आणि त्याची नोंद राहते. हा रिपोर्ट आमच्याकडे फक्त लॉस प्रिव्हेन्शनवाले बघतात, कॅशियर चोरी करतो का ते शोधायला. कुठल्या वस्तू पुन्हापुन्हा काढल्या जातात, या नजरेने तो कुणी वाचत नाही. त्या आठवड्याच्या यादीत ते लिक्विड सगळ्यात वर होतं. घोडबंदर रोडच्या दुकानाचाही रिपोर्ट काढला, तिथेही तेच. मी सगळं जोडून हेड ऑफिसला पाठवलं, आणि थोड्याच दिवसांत दरांच्या यादीत एन्ड कॅपचा पत्ता यायला लागला. सगळ्या दुकानांत. तिने अर्ध्या तासात शोधलेली चूक कंपनीने मनापासून दुरुस्त केली आणि तिला नाकारलं. हे दोन्ही निर्णय एकाच इमारतीत झाले.

एचआरने तिला फ्लोअर एक्झिक्युटिव्हची जागा देऊ केली, पगार ट्रेनीच्या जवळपास निम्मा. तिला फोन मी केला, कारण मला वाटलं मी समजावू शकेन. तिने शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाली. “मॅडम, मग मी येणाऱ्या ट्रेनीला काम शिकवीन आणि वर्षाने तो माझा साहेब होईल. औषधाच्या दुकानात तेच झालंय, म्हणून तर नोकरी करत मुक्त विद्यापीठातून एमबीए केलं.” मग तिने विचारलं की वॉकमध्ये तिला किती गुण मिळाले. त्याला गुण नसतात हे मला सांगावं लागलं. ती क्षणभर थांबली, थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटतं तिचं बरोबर होतं, आणि ती आली असती तर मला आनंदही झाला असता. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकमेकींशी जुळत नाहीत.

तारखांसकट उत्तर देणारा मुलगा निवडला गेला. तो मेहनती आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. परवा त्याला टोपली दाखवली, त्याने वहीत लिहून घेतलं.

पुढच्या फेरीसाठी मी सहावा रकाना मागितला आहे. २० गुण: दहा दिसलं त्याचे, दहा कारणापर्यंत पोहोचल्याचे. फ्लोअर त्या दिवशी चकाचक असेल आणि सापडण्यासारखं काहीच नसेल तर काय, असा आक्षेप आला. ज्याने कधी दुकान चालवलं आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही, पण मी लेखी उत्तर दिलं. रकाना मान्य झालाय. मात्र हे गुण पॅनलने न देता त्या दुकानाच्या स्टोअर मॅनेजरने द्यावेत, असं मी म्हणते आहे, कारण कोण कुठे किती वेळ उभं होतं ते खाली त्यालाच दिसतं. त्यावर एचआरचा होकार अजून आलेला नाही.