चरबीचा हिशेब त्वचेकडेही असतो

डिसेंबर लागला की आमच्या घरातील खोबरेल तेलाची बाटली गोठते, पण फोडणीसाठी काढून ठेवलेले करडईचे तेल मात्र पातळच राहते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले जास्त असतात, करडईत असंपृक्त. आपले शरीरही संपृक्ताचे असंपृक्त करीत असते आणि त्यासाठी लागणारे एक विकर म्हणजे स्टीअरिल-कोए डिसॅच्युरेज-१, थोडक्यात एससीडी-१. सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या स्टिअरिक आम्लात ते एक दुहेरी बंध घालते, आणि तयार होणारे ओलेइक आम्ल १३-१४ अंशांनाच वितळते.

हे विकर तयार करणारे जनुक संपूर्ण शरीरातून काढून टाकलेले उंदीर सडपातळ राहतात, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स एन्टांबी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले. चरबी घडवण्याचे मोठे काम यकृतात होत असल्याने संशय साहजिकच यकृतावर गेला. पुढे ते जनुक केवळ यकृतातून काढले, तेव्हा तेलकट आहारावरचे उंदीर पूर्वीसारखेच लठ्ठ झाले. २००९ मध्ये याच गटाने ते फक्त त्वचेतून काढले, आणि उंदीर जास्त खाऊनही सडपातळ राहिले.

याचे कारण त्वचेतील तैलग्रंथींत आहे. एससीडी-१ नसेल तर या ग्रंथी खुरटतात, त्वचा कोरडी पडते, केस विरळ होतात आणि शरीरातील उष्णता सतत बाहेर जाते. ती भरून काढण्यासाठी तपकिरी चरबी, म्हणजे उष्णता निर्माण करणारी चरबी, इंधन जाळत राहते, म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार आहे. म्हणूनच ‘चरबी जाळणारे जनुक सापडले’ अशा मथळ्यांवर माझा फारसा विश्वास बसत नाही. प्रयोगशाळेचे तापमान बहुधा २०-२२ अंश असते, उंदराला मात्र ३० अंशांच्या आसपास सुखाचे वाटते. त्यामुळे तेथील धडधाकट उंदीरही उष्णतेसाठी थोडेफार इंधन जाळतच असतो, आणि ज्याची तेलाची झूल गेली त्याचा खर्च तर विचारूच नये. स्वेटर घालणाऱ्या माणसाला हा हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही.

गंमत म्हणजे याच्या नेमके उलटेही घडते. टीएसएलपी नावाचे, रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारे एक प्रथिन लठ्ठ उंदरांना दिले असता ते जास्त खाऊनही झपाट्याने रोडावले, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. सुगावा लागला तो केसांवरून. उंदरांचे अंग तेलकट, चकचकीत दिसत होते. केस भादरून त्यातील तेल तपासल्यावर ते तैलग्रंथींतलेच निघाले. टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या मध्यस्थीने या ग्रंथी इतका स्राव सोडत होत्या की शरीरातील मेद त्वचेवाटे बाहेर पडत होता.

एससीडी-१ निकामी असल्याने जन्मतःच तैलग्रंथी खुरटलेल्या उंदरांचा एक वाण १९६५ पासून ठाऊक आहे. टीएसएलपीचा प्रयोग त्या उंदरांवरही करून पाहिला गेला, आणि त्यांचे वजन मात्र तसे घटले नाही.