एकच आलेख, दोन तलाव

वाशीतल्या आमच्या कॉलेजात उपयोजित गणिताचा सेमिनार चालतो, तो मी बघते. बघते म्हणजे वक्ते शोधायचे, हॉल मिळवायचा, प्रोजेक्टरची केबल स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची आणि हजेरीपुरत्या आलेल्या मुलांना मागच्या दारातून सटकू द्यायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी होल्डिंग पॉन्डवर व्याख्यान झालं. त्यानंतर दुसरं काही धड सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

होल्डिंग पॉन्ड म्हणजे धारण तलाव. सिडकोनं नवी मुंबई वसवली ती खाडीकाठच्या सखल जमिनीवर. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी कितीतरी रस्त्यांपेक्षा वर असतं. त्यामुळे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत सोडताच येत नाही. ते तलावात साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं, ही मूळची डच पद्धत. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये फ्लॅप गेट असतं. वरच्या बाजूला बिजागरी असलेली ही लोखंडी झडप आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते आणि बाहेरच्या दाबानं मिटते. तिला वीज लागत नाही की माणूस लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर शहर या झडपांच्या आणि तलावांच्या भरवशावर असतं.

वक्ता दुसऱ्या एका संस्थेतला संशोधक विद्यार्थी होता. पोरगा हुशार. एका तलावाच्या पातळीची अख्ख्या पावसाळ्याची नोंद त्यानं मिळवली होती. समीकरण साधंच: येणारं पाणी वजा जाणारं पाणी, भागिले तलावाचं क्षेत्रफळ, बरोबर पातळी बदलण्याचा वेग. गेटमधून जाणारं पाणी दोन्हीकडच्या पातळ्यांतल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. खाडीची पातळी भरतीच्या घटकांची बेरीज करून काढलेली. त्यातला चंद्राचा मुख्य घटक 12 तास 25 मिनिटांचा.

एका गोष्टीसाठी मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले. भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे साधारण सगळ्यांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात आणि जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत या दोन्हींत साधारण अडीच मीटरचा फरक आहे. हा फरक वजा न करता केलेले प्रकल्प मी दरवर्षी परत पाठवते. आणि आपली वर्तमानपत्रं तर त्याच तक्त्यातला आकडा उचलून ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा’ असं बिनदिक्कत छापतात. त्या लाटा नव्हेत हो, ती भरतीची पातळी! सरासरी समुद्रपातळीपासून मोजली तर जेमतेम दोन मीटर.

असो. मोजलेला आलेख आणि मॉडेलचा आलेख एकमेकांवर चपखल बसले होते. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत निष्कर्ष: तलावाचं क्षेत्रफळ नकाशातल्याच्या पाऊणपटच निघतं, म्हणजे चौथा हिस्सा गाळानं आणि खारफुटीनं भरला आहे. टाळ्या झाल्या.

मग आमचे ॲनालिसिस शिकवणारे सर उठले. मॉडेलिंगवाली मंडळी त्यांना ‘अस्तित्व आणि एकमेवता’वाले, म्हणजे समीकरणाला उत्तर आहे का आणि ते एकच आहे का एवढंच बघत बसणारे, म्हणून बाजूला टाकतात. मला ते कधीच पटलेलं नाही. त्यांनी विचारलं, “पडलेल्या पावसातलं किती पाणी तलावात पोचतं, तो सहगुणक कुठून घेतलात?” पुस्तकातल्या तक्त्यातून, 0.6. “तिथे 0.8 घालून बघता का जरा?”

लॅपटॉप पुढ्यातच होता. पोरानं आकडा बदलला, कोड चालवला. बाकीचे आकडे कोडनं आपापले जुळवून घेतले. आलेख रेषाभरसुद्धा हलला नाही. क्षेत्रफळ मात्र एक तृतीयांशानं वाढलं, म्हणजे नकाशात होतं तेवढंच भरलं. गाळ गायब!

हॉलमध्ये कोणी बोलेना. छोटा नळ सोडून छोटी बादली भरा, नाहीतर मोठा नळ सोडून मोठी. पाणी चढतं त्याच वेगानं. तसंच इथे. पावसाचं पाणी, गेटची गळती आणि गेटमधून बाहेर जाणारं पाणी या तिन्हींना क्षेत्रफळानं भागलेलं आहे. नुसत्या पातळीच्या नोंदीवरून फक्त गुणोत्तरं कळतात. हा विषय नवा नाही. बेलमन आणि ओस्ट्रम यांनी 1970 मध्येच यावर पेपर लिहिला. साथीच्या सुरुवातीला रुग्णवाढीच्या आलेखावरून लागणीचा दर आणि बरं होण्याचा दर वेगवेगळे काढता येत नाहीत, त्यांचा फरकच तेवढा कळतो. 2020 मध्ये रोज नवे आलेख काढणाऱ्या किती जणांनी हे सांगितलं? आपल्याकडे आलेख जुळला की संशोधन संपलं, असा खाक्या आहे.

बरं, हा नुसता गणिताचा घोळ नाही. तलाव लवकर भरतो यात दोष गेटच्या गळतीचा असेल तर झडप दुरुस्त करायची. काही दिवसांचं काम. गाळाचा असेल तर तलावातल्या खारफुटीला हात लावावा लागतो आणि त्यासाठी हायकोर्टाची परवानगी लागते. ती प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. उपग्रहाच्या चित्रावरून बघावं तर वर सगळं हिरवंगार. पानांखाली पाणी शिरतं की चिखल साचलाय, ते दिसत नाही.

चहाच्या वेळी त्या पोराचे गाईड म्हणाले, “मॅडम, प्रबंध जमा करायला आलाय. आता हे कशाला उकरायचं?” मला राग आला आणि तो मी दाखवला.

दुपारी ओहोटी होती. तो पोरगा, सर आणि मी गेटवर गेलो. झडपेच्या कडेवर कालवांचा जाड थर चढलेला. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात नायलॉनच्या जाळ्याचा गोळा, त्यात दुधाच्या पिशव्या आणि थर्माकोल घट्ट आवळून बसलेला. झडप त्या गोळ्यावर टेकली होती, चौकटीवर नव्हे. फटीतून माझा पंजा सहज आत गेला. पंपहाऊसवरचे काका आमच्याकडे बघत होते. म्हणाले, “भरतीचं पानी येतंच ना आत. परवा जिताडा गावला तलावात.” खाडीतला मासा! पण या फटीमुळे गाळ खोटा ठरत नाही. दोन्ही असू शकतं. कोणाचा वाटा किती, एवढंच कळायचं राहिलंय.

तोड सरांनीच काढली, पंपाकडे बघून. पंप ओढतो ते पाणी जर मोजलेलं असेल, तर तेवढी एक राशी गुणोत्तरातून सुटते. कोरड्या दिवशी पंप चालू असताना आणि बंद असताना पातळी कोणत्या वेगानं बदलते ते मोजायचं. त्या दोन वेगांतल्या फरकानं पंपाच्या विसर्गाला भागलं की क्षेत्रफळ हातात. मात्र पंपाच्या पाटीवरचा आकडा चालत नाही. पाणी किती उंच चढवायचं त्यावर विसर्ग बदलतो, आणि ती पाटी तर रंगानं बुजलेली. पाइपवर बाहेरून बसवायचं फ्लोमीटर लागेल.

ते आमच्या सिव्हिलच्या लॅबमध्ये आहे. मागणीपत्र दिलंय, पंप चालवायच्या परवानगीचा अर्जही गेलाय. पाऊस दसऱ्यापर्यंत थांबेल, त्यानंतरच हे जमेल. गाईडना प्रबंध त्याआधी हवा आहे. पोरगा थांबतो म्हणाला; त्याच्या मुदतवाढीच्या अर्जाला सरांनी आणि मी शिफारसपत्रं जोडली आहेत.