मालवणच्या सागरी अभयारण्याभोवती माणसं किती? माझा अनुभव

जनगणनेचे छापून न आलेले आकडे हवे असतील तर अर्जाच्या विषयातच लिहा: ‘जनगणना अधिनियम १९४८, कलम १७ अन्वये’. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर अख्खा पावसाळा वाचला असता.

काम मालवणच्या सागरी अभयारण्याचं होतं. १९८७ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. समोरच्या किनाऱ्यावर दांडी, मेढा, राजकोट. गाभ्यात जाळ्यांवर बंधन आलं तर कोणत्या वाडीतली किती घरं अडचणीत येतील, हे आम्हाला काढायचं होतं. वन्यजीव अधिनियमाचं कलम २६अ सांगतं की समुद्रातली हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपलं पाहिजे. ते कोण आणि किती, हे माहीत नसेल तर जपणार कुणाचं?

२०११च्या जनगणनेचे प्रभागनिहाय आकडे फुकट मिळतात, पण दोन अडचणी. प्रभाग वाडी बघून पाडलेले नाहीत. आणि त्या तक्त्यात कामगारांचे चारच प्रकार: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा, सरकारी नोकर आणि दुकानदार, सगळे ‘इतर’! म्हणून आम्ही प्रगणन गटनिहाय बेरजा मागायचं ठरवलं. असा गट म्हणजे एका प्रगणकाने मोजायची घरं. तो शे-सव्वाशे घरांचा असतो, वाडीशी बराच जुळतो.

इथून रखडपट्टी सुरू झाली. एका कार्यालयाने कळवलं, जनगणनेची माहिती कलम १५ नुसार गोपनीय आहे, देता येत नाही. कलम १५ घराघरातून भरलेल्या नोंदींसाठी आहे, आणि ते असायलाच हवं. मला कुणाचंही नाव नको होतं, फक्त बेरीज. हे मी टेबलाशी उभी राहून सांगितलं. ‘‘ताई, गोपनीय म्हणजे गोपनीय. साहेब दौऱ्यावर आहेत.’’ पुढच्या खेपेला साहेब बैठकीत. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरला. अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे गेला आणि तिथून उत्तर आलं: ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ म्हणजे एकाच्या मते माहिती गोपनीय आणि दुसऱ्याच्या मते ती नाहीच. दोन्ही पत्रांवर गोल शिक्का, सही आणि जावक क्रमांक अगदी व्यवस्थित.

या मधल्या काळात अभयारण्यावर एक बैठक होऊन गेली. ‘अवलंबून लोकसंख्या’ या रकान्यात मालवण शहराची सगळी लोकसंख्या एका आकड्यात टाकली होती, आणि त्या आकड्यावर बोलणी झाली. त्याचा राग अजून गेलेला नाही. असा फुगलेला आकडा बघून कोणीही म्हणतं, एवढ्यांना कसं सांभाळणार, आणि खरी अडणारी मोजकी घरं दिसेनाशी होतात.

वाट दाखवली एका निवृत्त गुरुजींनी. २०११ला ते प्रगणक होते. ते म्हणाले, ‘‘कायदा पंधराव्या कलमावर संपत नाही. पुढचं वाच.’’ कलम १७ स्पष्ट आहे: प्रकाशित न झालेली सांख्यिकी गोषवाऱ्याच्या रूपात, खर्च घेऊन देता येते. पहिल्याच ओळीत ‘नावे नकोत, फक्त एकूण बेरजा’ असं लिहून नवा अर्ज थेट वरच्या कार्यालयाकडे पाठवला, आणि तक्ता आला. दांडीचे गट वेगळे दिसले तेव्हा मी ते कागद टेबलावर पसरून कितीतरी वेळ बघत बसले.

अर्ज अडकलेला असताना हातावर हात ठेवून बसू नका. मतदार यादीच्या भागांत वाड्यांची नावं असतात, त्यावरून प्रौढांचा अंदाज येतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची मच्छीमार गणना तर आधीच घ्या. २०१०च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं आणि ८१,४९२ कुटुंबं होती. त्यात मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकाही मोजलेल्या असतात. नौकांच्या नोंदणीत त्या सापडत नाहीत, आणि खलाशीही नाहीत.

हो, आणि वाडीत फिरताना कुलपं मोजा. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. गणपतीत भरलेली घरं फेब्रुवारीत बंद असतात. बायकांशी बोलायचं तर मासळीबाजार उठल्यावर जा. दांडीवर एका काकूंनी टोपली खाली ठेवत मला आधी विचारलं, ‘‘आमी किती जणां आसंव ता तुका कशाक व्हया गो?’’ गाभ्याचा नकाशा दाखवला तेव्हा त्यांनीच शेजारची घरं बोटावर मोजून दिली.

आता २०२७ची जनगणना आहे. प्रगणक दारात आले की घरातल्या मासे विकणाऱ्या बाईच्या कामापुढे ‘घरकाम’ लिहू देऊ नका. ‘मासे विक्री’ असं स्वतः सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या.